शेजारच्या जमिनीचा झोन बदलतोय: हरकत कशी घ्यावी, कशावर घ्यावी

या वेळच्या पत्रांमध्ये एकच काळजी वेगवेगळ्या गावांहून आली आहे. शेजारच्या जमिनीचा झोन (म्हणजे आराखड्यात ठरवलेला वापर) बदलतोय, एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) वाढतोय, मोठ्या इमारती येणार, मग आमच्या रस्त्याचं, पाण्याचं काय? महाराष्ट्रातल्या प्रश्नांची उत्तरं दोन गोष्टींवर आधारली आहेत. एक, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याला पुढे एमआरटीपी म्हटलं आहे. दुसरी, डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून राज्याला लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर.

प्रश्न: आमच्या सोसायटीमागची जमीन सार्वजनिक-निमसार्वजनिक झोनमधून निवासी झोनमध्ये घेण्याची सूचना वर्तमानपत्रात आली आहे. त्यात ‘कलम ३७ (१)’ असा उल्लेख आहे. आम्हाला वेगळी नोटीस आलेली नाही. आम्हाला हरकत घेता येते का? – वाचक, कोथरूड, पुणे

येते. या कलमात ‘कोणत्याही व्यक्ती’कडून हरकती व सूचना मागवायच्या असतात, त्यामुळे शेजारी असणं पुरेसं आहे, किंबहुना शेजारीही असायला लागत नाही. वेगळी नोटीस ‘बाधित व्यक्तीं’ना द्यायची असते आणि व्यवहारात ती त्या जमिनीच्या मालकांनाच जाते. शेजाऱ्यांसाठी राजपत्र आणि वर्तमानपत्रातली सूचना हीच नोटीस. म्हणून ‘आम्हाला नोटीस दिली नाही’ या एकाच मुद्द्यावर सगळा भर देऊ नका.

पहिलं काम तारखेचं. मुदत सूचनेपासून एक महिन्याची असते. राजपत्रातली आणि वर्तमानपत्रातली तारीख वेगळी असेल तर आधीची धरा आणि तिसाव्या दिवसाची वाट न पाहता विसाव्या दिवसापर्यंत पत्र द्या. मुदतीनंतर आलेली हरकत कितीही चांगली असली तरी ती विचारात घेण्याचं बंधन कुणावर राहत नाही.

दुसरं काम, सूचना कोणी काढली आहे ते नीट वाचणं. कलम ३७ (१) असेल तर फेरबदल महापालिका करते आहे आणि हरकत महापालिकेकडे जाते. ३७ (१अअ) असेल तर शासन स्वतः ‘लोकहितार्थ तातडीने’ फेरबदल करतं आहे. तिथे सूचनेत ज्या अधिकाऱ्याचं नाव आहे, सहसा नगररचनेचे सहसंचालक, त्यांच्याकडे पत्र जायला हवं. महापालिकेच्या आवक खिडकीवर पोच मिळाली म्हणून निश्चिंत राहिलेले लोक सुनावणीच्या यादीत सापडत नाहीत, ते याच गफलतीमुळे.

तिसरं काम नकाशाचं. सूचनेत लिहिलेलं असतं की फेरबदलाचा नकाशा अमुक कार्यालयात कामकाजाच्या वेळेत पाहायला ठेवला आहे. तिथे जा, भाग नकाशाची प्रत मागा. मग सूचनेतला सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सातबाऱ्याशी किंवा मिळकत पत्रिकेशी ताडून पाहा; क्षेत्र जुळतं का ते बघा; आणि जमिनीला लागून दाखवलेल्या रस्त्याची रुंदी टिपून घ्या. नकाशात १५ मीटर असलेला रस्ता जागेवर टेपने मोजला तर अनेकदा ९ मीटरच भरतो, कारण उरलेल्या जागेचा ताबा महापालिकेला मिळालेलाच नसतो. हा फरक तारीख घातलेल्या फोटोसह पत्राला जोडा. सगळ्या हरकतीत याहून वजनदार कागद क्वचितच असतो.

आता कायद्याचा गाभा. कलम ३७ हे किरकोळ फेरबदलाचं कलम आहे. फेरबदलाने मूळ विकास आराखड्याचं स्वरूप बदलता कामा नये, ही त्यातली अट आहे. तेव्हा ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहू नका. ही जमीन त्या भागातली शाळा-दवाखान्यासाठी उरलेली किती टक्के जागा आहे, ती गेल्यावर पुढच्या लोकसंख्येसाठी काय उरतं, हे लिहा. सुरुवात अशी करता येईल: ‘सर्व्हे नं. अमुक, हिस्सा नं. अमुक, क्षेत्र अमुक चौ. मी. या जमिनीच्या प्रस्तावित फेरबदलास खालील कारणांसाठी हरकत आहे. फेरबदल मंजूर करायचाच असल्यास खालील अटी घालाव्यात. मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.’ यातलं शेवटचं वाक्य विसरू नका. पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शंभर सह्यांचं एक निवेदन बहुतेक वेळा एकच हरकत म्हणून नोंदलं जातं. शंभर जणांनी तोच मजकूर छापून दिला तर तो एकत्र करून एका ओळीत निकाली निघतो. त्यापेक्षा पाच जणांनी पाच वेगळे मुद्दे कागदपत्रांसह मांडलेले बरे: रस्ता, पाणी, मैला, पावसाळी ओढा, शाळा.

प्रश्न: ‘वाहतूक कोंडी होईल, पाणी पुरणार नाही’ असं आम्ही लिहून दिलं होतं. ‘हरकत मोघम स्वरूपाची, सबब अमान्य’ असा शेरा आला. मोघम नसलेली हरकत म्हणजे कशी? – वाचक, बाणेर, पुणे

आकडा असलेली. शेरा कठोर वाटला तरी तो देणाऱ्यापुढे ठोस काही नव्हतं, हे मान्य करायला हवं.

समजा, २,००० चौ. मी. चा भूखंड निवासी होतो आहे आणि समोरचा रस्ता १५ मीटरचा आहे. पुण्यासारख्या महापालिकेत यूडीसीपीआरनुसार तिथे मूळ एफएसआय १.१०, प्रीमियमचा (शुल्क भरून मिळणारा) ०.५० आणि टीडीआरचा (दुसरीकडे जमीन दिलेल्यांकडून विकत घेतलेला बांधकाम हक्क) ०.९०, मिळून २.५० पर्यंत जातो. त्यावर जिने, बाल्कनी, लिफ्टच्या जागा वगैरेंसाठी निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळतं. म्हणजे २,००० गुणिले २.५० गुणिले १.६०, बरोबर ८,००० चौ. मी. बांधकाम. एका घराला सगळं मिळून ८० चौ. मी. धरलं तर १०० घरं. घरटी पाच माणसं म्हणजे ५००. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे रोज ६७,५०० लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडतं: ५४,००० लिटर.

आता प्रश्न असा लिहा: ‘आमच्या भागाच्या टाकीची क्षमता किती, आज तिथून किती जोडण्या आहेत, त्यात हे ६७,५०० लिटर कुठून येणार? समोरच्या मैलावाहिनीचा व्यास किती आणि ती पावसाळ्यात आताच तुंबते का?’ वर्षभराची टँकरची बिलं, चेंबर उफाळल्याच्या तक्रारींचे क्रमांक जोडा. हा मुद्दा ‘मोघम’ म्हणून बाजूला टाकता येत नाही, कारण उत्तर पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभागाकडून मागवावं लागतं.

वाहतुकीचंही तसंच. मंगळवार ते गुरुवारमधला एक दिवस निवडा, शाळांना सुट्टी नको. सकाळी साडेआठ ते साडेदहा चौकात उभं राहून दर १५ मिनिटांना दुचाकी, रिक्षा, मोटारी, बस-ट्रक वेगवेगळे मोजा. दोन माणसं आणि एक वही पुरते. एकूण बेरजेइतकंच सगळ्यात जास्त भरलेलं पाव तासही लिहा. कोंडी त्याच पाव तासात होते.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे उत्तर हरकतीची मुदत संपताना किंवा नंतर येणार. म्हणून अर्जात प्रतींबरोबर फाइलची पाहणीही मागा. मिळालेली माहिती सुनावणीच्या वेळी पुरवणी निवेदन म्हणून द्या.

काय लिहू नये तेही सांगायला हवं. ‘आमच्या फ्लॅटची किंमत उतरेल’, ‘गॅलरीतून टेकडी दिसणार नाही’ ही कारणं नियोजनाच्या कायद्यात बसत नाहीत. ‘बाहेरचे लोक येतील’, ‘छोट्या घरांमुळे वस्तीचा दर्जा जाईल’ ही वाक्यं तर पत्रात येताच कामा नयेत. ती अन्यायकारक आहेत, आणि शेजारच्या ओळीतला खरा मुद्दाही त्यांच्यामुळे संशयास्पद ठरतो.

प्रश्न: आमची गल्ली ६ मीटरची. ती ९ मीटरची करणार असं ऐकतो. झोन तर निवासीच आहे, मग यात आम्हाला काय फरक पडतो? – वाचक, डेक्कन परिसर, पुणे

सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, आणि लोकांचं लक्ष इथेच नसतं. जुन्या वस्त्यांमध्ये दाटी वाढते ती बहुतेक वेळा रस्त्याच्या रुंदीमुळे. यूडीसीपीआरमध्ये ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर फक्त मूळ १.१० एफएसआय मिळतो. प्रीमियम नाही, टीडीआर नाही. रस्ता ९ मीटर झाला की एकूण २.०० होतो. ५०० चौ. मी. च्या प्लॉटवर अनुषंगिक क्षेत्र धरून ८८० चौ. मी. वरून १,६०० चौ. मी. झोनचा रंग तोच, माणसं जवळपास दुप्पट. २०२० मध्ये पुण्यातले ३२३ सहा-मीटर रस्ते रुंद करण्याच्या प्रस्तावावरून एवढा वाद झाला, तो याचमुळे.

हे रुंदीकरण एमआरटीपीखाली न होता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली, रस्त्याची रेषा आखून होऊ शकतं. तिथली पद्धत वेगळी आहे. स्थायी समितीच्या ज्या सभेत निर्णय होणार, तिच्या किमान एक महिना आधी स्थानिक वर्तमानपत्रात आणि राजपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, शिवाय त्या रस्त्यावर आयुक्तांच्या सहीची सूचना लावावी लागते. लेखी हरकत सभेच्या दिवसाआधी पूर्ण तीन दिवस राखून कार्यालयात पोचली पाहिजे. सूचना गल्लीत लागली होती की नाही याची फोटोसह नोंद ठेवा.

मुद्दा काय मांडायचा? रेषा आखली म्हणून रस्ता रुंद होत नाही. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा मिळायची ती एकेक इमारत पाडून नवी होईल तेव्हा. पहिली इमारत मागे सरकते, शेजारची तिथेच राहते, आणि गल्लीची कड पंधरा-वीस वर्षं करवतीच्या दातांसारखी दिसते. वाढीव एफएसआय मात्र पहिल्याच इमारतीला मिळून जातो. आज संध्याकाळी आठ वाजता टेप घेऊन गल्लीत उतरा. ६ मीटरमधून दोन्ही कडांच्या मोटारी, प्रत्येकी सुमारे १.८ मीटर, वजा केल्या तर मध्ये २.४ मीटर उरतात. अग्निशमनाचा मोठा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. हरकतीत हाच फोटो लावा. मागणी अशी करा की चौकापासून चौकापर्यंत रस्ता प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत वाढीव एफएसआय देऊ नये, आणि तोवर एका बाजूचं पार्किंग बंद करावं.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. नियमात बसणाऱ्या एफएसआयवर समोरची सोसायटी पुनर्विकास करत असेल तर बांधकाम परवानगीच्या टप्प्यावर शेजाऱ्यांची सुनावणी नसते. कलम ४७ चं अपीलही फक्त परवानगी मागणाऱ्या अर्जदारासाठी आहे. तुम्ही तपासू शकता ते सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), रस्त्याची दाखवलेली रुंदी आणि अग्निशमन दाखला. त्यात खोटी माहिती सापडली तर मंजुरी रद्द करण्याची लेखी मागणी आयुक्तांकडे करता येते.

प्रश्न: आमच्या कॉलनीत बागेचं आरक्षण असलेल्या भूखंडावर आता इमारत होणार म्हणतात. हरकतीची सूचना तर कुठेच आली नाही. – वाचक, नाशिक

बहुधा कलम १२७ चा प्रकार असावा. आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते तिथेही चालतं. यात नागरिकांच्या हरकतीचा टप्पाच नाही. म्हणून आधी माहिती अधिकारात विचारा: खरेदी सूचना मिळाली का, कोणत्या तारखेला, पुढे काय केलं. २४ महिने संपले नसतील तर सगळा जोर महापालिकेने टीडीआर देऊन किंवा अंदाजपत्रकात तरतूद करून जमीन घ्यावी यावर लावा. नगरसेवकांना धरायची वेळ हीच. कॉलनीतल्या इतर आरक्षणांच्या तारखाही आताच काढून ठेवा.

जमीन आधीच महापालिकेची असेल आणि बाग खासगी वापराला देत असतील, तर गोष्ट वेगळी. १९९१ च्या बंगळूर मेडिकल ट्रस्ट खटल्यात बागेची जागा खासगी रुग्णालयाला देणं सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं आणि त्या वस्तीतल्या रहिवाशांचा न्यायालयात जाण्याचा हक्क मान्य केला.

प्रश्न: पंचगंगेकडच्या शेती झोनमधली जमीन निवासी होते आहे. आम्ही त्याच बाजूला राहतो. – वाचक, कोल्हापूर

पाटबंधारे विभागाचा पूररेषा नकाशा घ्या आणि तो फेरबदलाच्या नकाशावर ठेवून पाहा. निळी रेषा वारंवार येणाऱ्या पुराची, लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. नियंत्रित पट्ट्यात बांधकाम करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच लागतं. जोतं उंच करायला भराव घालतात, आणि भरावाने अडलेलं पाणी शेजारच्या जुन्या, खालच्या घरांत शिरतं. २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं त्या खुणेची उंची मोजा, पंचनाम्याची प्रत जोडा आणि भराव टाकल्यावर पाणी कुठे जाईल याचा जलशास्त्रीय अहवाल मागा. अशा जमिनीवर अटी सुचवत बसू नका. सरळ विरोध करा. हाच सल्ला १:५ पेक्षा जास्त उताराच्या टेकड्यांसाठी.

प्रश्न: गोव्यात आमच्या गावातल्या बागायतीचं ‘सेटलमेंट’ झालं. कलम १७ (२) असं कानावर आलं. – वाचक, बार्देश

‘सेटलमेंट’ म्हणजे वस्तीचा, बांधकाम चालणारा झोन. गोव्याचा नगररचना कायदा वेगळा, १९७४ चा. कलम १७ (२) हे प्रादेशिक आराखड्यातल्या नजरचुका दुरुस्त करण्यासाठी म्हणून आणलं होतं. त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केली. त्यामुळे तुमच्या जमिनीचा आदेश कोणत्या तारखेचा आहे ते आधी काढा आणि वकिलाला दाखवा. त्याच कायद्याच्या कलम ३९-अ खालची, म्हणजे झोन बदलाची, सूचना असेल तर राजपत्रात गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आताचा आणि प्रस्तावित झोन दिलेला असतो आणि हरकतीला ३० दिवस असतात. वर्तमानपत्रावर विसंबू नका, राजपत्र दर आठवड्याला चाळा.

दोन गोष्टी लगेच तपासा. एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचं नाव आहे का? कुळाची शेतजमीन बिगरशेती वापराला नेण्यावर १९९१ च्या कायद्याने बंदी आहे. आणि उतार २५ टक्क्यांहून जास्त आहे का? तसा उतार बांधकामासाठी नसतो.

प्रश्न: मी भाड्याने राहते, ऑफिस मेट्रोजवळ, घर वीस किलोमीटरवर. ज्यांची घरं आधीच झाली आहेत ते नव्या इमारतींना विरोध करतात, हे मला पटत नाही. – वाचक, पिंपरी

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते हरकतींच्या फाइलमध्ये यायला हवं. कायद्यात शब्द ‘हरकती व सूचना’ असा आहे; पाठिंब्याचं पत्रही त्याच मुदतीत, त्याच खिडकीवर देता येतं. सुनावणीत सहसा विरोध करणारेच दिसतात, कारण उद्या त्या घरांत राहायला येणारी माणसं अजून त्या वस्तीत नसतात. मेट्रो, नळ, शाळा आहेत तिथे घरं अडवली तर ती टँकरच्या भरवशावरच्या गावांत उभी राहतात, आणि तिथल्या शेतजमिनींचे झोन बदलतात.

पत्रात दोन मागण्या ठोस ठेवा. मेट्रो स्थानकांभोवतीच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात ४ पर्यंत एफएसआयची तरतूद आहे. तो देताना पदपथ आणि मैलावाहिनी आधी करा. आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौ. मी. किंवा मोठ्या भूखंडावर मूळ एफएसआयच्या २० टक्के बांधकाम अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवण्याचा यूडीसीपीआरचा नियम आहे. ही घरं किती, कुठे, कोणत्या मजल्यावर, हे मंजुरीच्या वेळीच नकाशावर दाखवा. विरोध करणाऱ्या शेजाऱ्यांनीही हीच अट मागितली तर त्यांच्या हेतूबद्दल कुणाला शंका उरणार नाही.

प्रश्न: कॅलिफोर्नियात आमच्या शेजाऱ्याने एका घराच्या जागी चार घरं करायचं ठरवलंय. सुनावणीची नोटीस कधी येईल? – वाचक, बे एरिया

एसबी ९ या कायद्याखाली असेल तर येणार नाही. १ जानेवारी २०२२ पासून एका कुटुंबाच्या झोनमध्ये प्लॉटचे दोन भाग आणि प्रत्येकावर दोन घरं करता येतात, आणि अर्ज नियमात बसला की जाहीर सुनावणीशिवाय मंजूर करावा लागतो. तपासण्यासारखं एवढंच: प्रत्येक भाग किमान १,२०० चौ. फूट आणि मूळ प्लॉटच्या किमान ४० टक्के आहे का; प्लॉट विभागणाऱ्याने तीन वर्षं तिथे राहण्याचं लिहून दिलंय का; आणि पाडायच्या घरात गेल्या तीन वर्षांत भाडेकरू होते का. भाडेकरू असतील तर ते घर यात पाडता येत नाही.

प्रश्न: सुनावणीचं पत्र आलंय. तिथे काय होतं, आणि त्यानंतर? – वाचक, ठाणे

एका दिवशी अनेकांना बोलावलेलं असतं, तुमच्या वाट्याला पाच मिनिटंही येतील असं नाही. आवक क्रमांक असलेली हरकतीची प्रत, एक पानाचं टिपण, रस्त्याचे फोटो आणि भाग नकाशा एवढंच न्या. पाच मुद्दे असतील तर सगळ्यात भक्कम दोनच बोला, बाकीचे लेखी द्या आणि त्या कागदाचीही पोच घ्या. बोलायला सोसायटीतला सर्वात चिडलेला माणूस पाठवू नका, आकडे पाठ असलेला पाठवा. हजेरीपटावर सही केल्याशिवाय निघू नका.

त्यानंतर अहवाल आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. कलम ३७ (१) मध्ये महापालिकेने सूचनेपासून एक वर्षाच्या आत तो पाठवायचा असतो. नाही पाठवला तर तो व्यपगत (रद्दबातल) झाला असं मानलं जातं. तो नव्याने आणायला मनाई नाही, पण मग सूचना, हरकती, सुनावणी सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून सूचनेची तारीख आणि प्रस्ताव शासनाला पाठवल्याची तारीख, दोन्ही माहिती अधिकारात मागून ठेवा. प्रस्ताव मंत्रालयात असताना आपल्या हरकतीची प्रत नगरविकास विभागाला आणि पुण्याच्या नगररचना संचालकांना पाठवा. मंजुरीआधी शासनाने संचालकांचा सल्ला घ्यायचा असतो. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर न्यायालय धोरण चांगलं की वाईट यात सहसा शिरत नाही, पद्धत पाळली का ते पाहतं. त्या दिवशी पोच, हजेरीपट आणि ही दोन तारखांची पत्रं हातात असली पाहिजेत.